थकलेले भाडे आणि घरमालकीण

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला वक्त्याने काहीतरी मंगल बोलावे, असा आपल्याकडे रिवाज आहे. आपल्या चिटणीसबाईंनी मात्र मला विषय दिला तो थकलेल्या भाड्याचा. मी म्हटले, "अहो, आज तिळगूळ नसला तरी पेढे आहेत, आजच्या दिवशी हे कशाला?" त्यावर त्या म्हणाल्या, "पेढे खाऊन घरी गेल्यावर जिना चढताना ज्यांना हा विषय आठवतो, अशा दहाबारा जणी तरी मंडळात आहेत." तेव्हा मी होकार दिला.

समोर पाहते तो घरमालकिणी जितक्या, तितक्याच बिऱ्हाडकरणी बसलेल्या दिसतात. काहीजणी तर दोन्ही आहेत. पेठेतल्या वाड्यातल्या दोन खोल्या भाड्याने दिलेल्या, आणि स्वतः मुलाच्या सोयीसाठी कोथरुडला भाड्याच्या जागेत राहणाऱ्या. त्यामुळे मला तोलून बोलले पाहिजे. पण खरे सांगू का, या विषयात एकीच्या हिताचे ते दुसरीच्या नुकसानीचे असे फार थोडे आहे. हिशेब स्वच्छ असला की दोघींचीही झोप शाबूत राहते.

घरमालक म्हटला की नाटकातला तो छत्री घेऊन दारात उभा राहणारा, दात ओठ खाणारा गृहस्थ आपल्या डोळ्यांपुढे येतो. माझ्या वकिलीच्या तीस वर्षांत मजकडे आलेल्या घरमालकिणी तशा नव्हत्या. बहुतेक पन्नाशी-साठी ओलांडलेल्या, यजमान गेलेले, निवृत्तिवेतन बेताचे किंवा मुळीच नाही, आणि तीन बिऱ्हाडांच्या भाड्यावर औषधपाणी नि महापालिकेची घरपट्टी भागवणाऱ्या. अशा बाईचे एक बिऱ्हाड भाडे देईनासे झाले, तर तिच्या महिन्याचा तिसरा हिस्सा गेला.

आता ती काय करते? काहीच करीत नाही! हे मी टीका म्हणून सांगत नाही. बिऱ्हाडकरीण चैत्रात हिच्याकडे हळदीकुंकवाला येते, दिवाळीत चकल्यांचे ताट वरखाली होते, हिच्या आजारपणात तिनेच पेज आणून दिलेली असते. तिला "भाडे थकले" असे तोंडावर म्हणायचे कसे? मग सहा महिने जातात, वर्ष जाते, आणि एके दिवशी नळावरून भांडण होते तेव्हा सात वर्षांची थकबाकी एकदम बाहेर येते. ही भीड फार महाग पडते. किती, ते आकड्यांत सांगते.

सदाशिव पेठेतल्या एका वृद्ध बाईंचे भाडे दरमहा तीनशे रुपये होते. आजच्या काळात ही रक्कम ऐकून नव्या मुली हसतील, पण जुन्या वाड्यांतून अशी भाडी आहेत. सात वर्षे थकले. म्हणजे चौऱ्याऐंशी महिन्यांचे पंचवीस हजार दोनशे. बाईंनी सारा हिशेब कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवला होता, आणि तो अचूक होता. पण मुदतीच्या कायद्याप्रमाणे थकलेल्या भाड्याचा दावा ते भाडे देणे झाल्यापासून तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. प्रत्येक महिन्याचे भाडे हे वेगळे देणे. ज्या महिन्याला तीन वर्षे उलटली तो महिना गळाला. त्यामुळे पैशाचा हुकूम मिळाला तो छत्तीस महिन्यांचा, दहा हजार आठशेचा. उरलेले चौदा हजार चारशे भिडेपायी बुडाले.

हे गळणे थांबवायचा एक साधा उपाय कायद्यातच आहे. तीन वर्षे पुरी होण्यापूर्वी भाडेकरूने "माझ्याकडे अमुक महिन्यांपासून अमुक भाडे देणे आहे" असे लिहून सही दिली, तर त्या तारखेपासून नवी तीन वर्षे मोजली जातात. थकबाकीपोटी थोडी रक्कम देऊन त्याने तसे स्वतःच्या अक्षरात वा सहीनिशी लिहून दिले, तरीही तेच. मुदत संपून गेल्यावर घेतलेल्या सहीला मात्र ही ताकद नाही. म्हणून मी माझ्या पक्षकार बायकांना सांगते की दर पाडव्याला वहीत वर्षाचा हिशेब उतरवा आणि खाली दोघींच्या सह्या घ्या. पाडव्याचा मुहूर्त धरला की कोणाला अपमानही वाटत नाही; व्यापारी लोक वह्यांची पूजा करतात, तशीच ही एक वही.

पावतीबद्दल थोडे अधिक बोलते. मिळालेल्या भाड्याची लेखी पावती देणे घरमालकावर कायद्याने बंधनकारक आहे. ती मेहरबानी नव्हे. पण पावती भाडेकरूच्याच उपयोगाची असते असे समजू नका. पावतीपुस्तकातले मागे उरणारे स्थळपान हाच उद्या आपला साक्षीदार. आणि पावतीवर सर्वांत महत्त्वाचे काय? तारीख नव्हे, रक्कमही नव्हे, तर महिना. पैसे कोणत्या महिन्याचे, हे देणाऱ्याने सांगितले असेल तर त्याच महिन्याला ते जमा धरावे लागतात. त्याने काही सांगितले नाही आणि परिस्थितीवरूनही काही उमजत नसेल, तर घेणारीला ते कोणत्याही कायदेशीर देण्यापोटी जमा करता येतात. मुदत उलटलेल्या जुन्या देण्यापोटीसुद्धा. ही करार कायद्यातली जुनी तरतूद आहे आणि फार थोड्यांना ठाऊक असते. हल्ली भाडे फोनवरून थेट बँकेत येते. पासबुकात रक्कम उमटते, महिना उमटत नाही. तेव्हा पैसे जमा झाले की त्याच दिवशी "अमुक महिन्याचे भाडे मिळाले" अशी पावती लिहून द्या आणि स्थळपान जपून ठेवा. भाडेकरीण असाल तर पैसे पाठवताना महिना लिहा. हा हक्क आधी तुमचा आहे.

यजमानांच्या पश्चात घर सांभाळणाऱ्यांसाठी एक सूचना. "यापुढे भाडे मजकडे द्यावे" असे पत्र प्रत्येक बिऱ्हाडाला द्या आणि पोच घ्या. नाहीतर दीर भाडे घेऊन जातात, आणि भाडेकरू प्रामाणिकपणे म्हणतो, "मी तर दिले." ज्याला मालकी बदलल्याचे कळवलेच नाही, त्याने चांगल्या हेतूने जुन्या हाती दिलेले पैसे त्याच्याकडून पुन्हा मागता येत नाहीत. यजमानांच्या हयातीत थकलेल्या भाड्याचा हुकूम देण्यापूर्वी न्यायालय वारसा-दाखला मागू शकते, हेही लक्षात असू द्या.

आता कायद्याकडे वळू. आपल्याकडे भाडेनियंत्रणाची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ साली, मुंबईत घरटंचाई झाली तेव्हा पहिला कायदा आला. पुढे १९४७ चा मुंबई कायदा आला आणि तो पन्नास वर्षे चालला. भाडी जणू गोठून गेली. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे गोठवणे काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे म्हटले. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा झाला व ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्यात भाडे दरसाल शेकडा चार वाढवण्याचा हक्क मालकाला आहे. पुष्कळ बायका भिडेपोटी तोही वापरीत नाहीत. असो, तो त्यांचा प्रश्न.

या कायद्याचे पंधरावे कलम आपल्या विषयाचा गाभा आहे, म्हणून सावकाश सांगते. जोवर भाडेकरू भाडे देतो किंवा द्यायला तयार व राजी असतो, तोवर थकबाकीचे कारण सांगून त्याच्याकडून जागेचा ताबा घेता येत नाही. भाडे थकले तर आधी लेखी नोटीस द्यावी लागते, आणि ती पोहोचल्यापासून नव्वद दिवस थांबावे लागते. त्या नव्वद दिवसांत पैसे आले तर प्रश्न मिटला. न आल्यास ताब्याचा दावा लावता येतो. पण दाव्याचे समन्स बजावल्यापासून पुन्हा नव्वद दिवस भाडेकरूला मिळतात. त्या मुदतीत त्याने सारी थकबाकी, तीवर शेकडा पंधरा दराने सरळ व्याज न्यायालयात भरले, पुढे दावा संपेपर्यंत नियमाने भाडे भरत राहिला आणि न्यायालय सांगेल तो खर्च दिला, तर ताब्याचा हुकूम होत नाही.

म्हणजे दोन वेळा नव्वद दिवस. हे ऐकून पुष्कळजणी वैतागतात. "मग उपयोग काय वकीलबाई? शेवटी तो राहणारच ना?" अशा वेळी मी विचारते, "तुम्हाला भाडे हवे आहे की खोली?" या एका प्रश्नावर सगळे अवलंबून आहे. हे कलम भाडे वसूल व्हावे म्हणून आहे, खोली रिकामी व्हावी म्हणून नाही. जिला भाडे हवे आहे तिला ते यातून मिळते, व्याजासह मिळते. आणि बहुतेक वेळा पहिल्या नोटिशीवरच मिळते, कारण पंधरा टक्के व्याज आणि घर जाण्याची भीती कोणालाच नको असते. जिला भाड्याच्या निमित्ताने खोली काढून घ्यायची आहे, तिची मात्र बहुधा निराशा होते. खोली स्वतःला राहायला हवी असेल, भाडेकरूने परस्पर पोटभाडेकरू ठेवला असेल, तर त्यांची कलमे निराळी आहेत आणि ते भाषणही निराळे.

हा फरक न कळल्याने काय होते त्याचे एक उदाहरण. एका बाईंना कोणीतरी सल्ला दिला की भाडे घेऊच नका, थकू द्या, म्हणजे खोली मिळेल. भाडेकरू दरमहा मनिऑर्डर पाठवी आणि या दरमहा परत करीत. दोन वर्षांनी दावा लावला. भाडेकरूने न्यायालयात परत आलेल्या मनिऑर्डरींचा गठ्ठा ठेवला. झाले! तो द्यायला तयार व राजी होता हे यांच्याच नकारांनी सिद्ध झाले. खोली नाही, आणि दोन वर्षे हाती येणारे पैसे स्वतःच्या हाताने परत केलेले. इथे बसलेल्या बिऱ्हाडकरणींनाही सांगते: मालकीण भाडे घेत नसेल तर बँकेतून वा टपालातून दरमहा पाठवीत राहा, आणि प्रत्येक कागद ठेवा.

याच्या उलट टोकाचा एक प्रकार म्हणजे पाणी तोडणे. वर टाकी, खाली मालकीण. चावी फिरवली की काम झाले असे वाटते. कृपा करून हे करू नका. भाडे कितीही थकलेले असो, पाणी, वीज, जिन्यातला दिवा, संडास यांसारखी आवश्यक सोय मालकाला तोडता येत नाही. भाडेकरू अर्ज करतो, न्यायालय सोय पूर्ववत करण्याचा हुकूम देते, आणि या गुन्ह्याला कैदेचीही तरतूद आहे. खोलीला बाहेरून कुलूप लावणे, सामान ओटीवर आणून ठेवणे हेही त्याच वाटेचे. काल जी फिर्यादी होती ती आज आरोपी होऊन उभी राहते. पोलिसचौकीवर जाऊनही थकलेले भाडे वसूल होत नाही. ते काम दिवाणी न्यायालयाचे आहे.

नोटीस साधी असावी. कोणती जागा, दरमहा भाडे किती, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत थकले, एकूण किती, आणि ते द्यावे अशी मागणी, एवढे पुरे. मागील भांडणे, बिऱ्हाडकरणीच्या सासूचा स्वभाव, कपडे वाळत घालण्याची तक्रार यांना तिथे जागा नाही. आकडा फुगवू नका. कायद्याने येणे आहे तेवढेच मागा. नोटीस टपालाने पाठवावी, किंवा भाडेकरूच्या, त्याच्या घरच्या माणसाच्या हाती द्यावी. ते शक्यच नसेल तर जागेच्या ठळक भागी चिकटवता येते. आपल्या ओळखीचे रजिस्टर पोस्ट सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झाले आहे, तेव्हा नोंद व पोच मिळेल अशा रीतीने स्पीड पोस्ट करा. पाकीट "घेण्यास नकार" असा शेरा होऊन परत आले तर रागाने फाडू नका! ते न उघडता तसेच ठेवा. योग्य पत्त्यावर पाठवलेले टपाल नाकारले, तर सामान्यतः ते पोहोचले असेच धरले जाते. मूळ भाडेकरू वारला असेल, तर नोटीस कोणाच्या नावे काढावी हे मात्र वकिलाला विचारून ठरवा. इथे चुकीची नावे घालून पुष्कळ दावे अडकतात.

दावा पुण्यात लघुवाद न्यायालयात लागतो. मुंबईत व नागपुरातही लघुवाद न्यायालये आहेत. जिथे ती नाहीत तिथे दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, यांच्याकडे जावे. दावा लांबतो हे मी नाकारीत नाही. पण लांबलेल्या काळात भाडेही बंद राहिले पाहिजे असे नाही. थकबाकी व पुढचे दरमहाचे भाडे न्यायालयात भरण्याचा हुकूम भाडेकरूवर करावा, असा अर्ज आपल्याकडच्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश पंधरा-अ खाली देता येतो, आणि हुकूम मोडल्यास त्याचा बचाव काढून टाकता येतो. वकिलाकडे जाल तेव्हा हा अर्ज केला का, एवढे विचारायला विसरू नका.

वकिलाची फी कुठून आणायची, असा प्रश्न आताच एकीच्या चेहऱ्यावर दिसला. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मागता येते. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी असते. तिथे अर्ज करायचा. ही सोय मालकिणीला आहे तशीच बिऱ्हाडकरणीलाही आहे. रक्कम मान्य असून हप्त्यांवरच घोडे अडले असेल, तर लोकन्यायालय उत्तम. तिथली तडजोड हुकुमासारखीच बजावता येते आणि तीवर अपील नाही.

हुकूम मिळाला म्हणजे पैसे मिळाले असे नव्हे. त्यासाठी दरखास्त लावावी लागते. पैशाच्या हुकुमाच्या दरखास्तीला बारा वर्षांची मुदत आहे. बँकेतले खाते, पगाराचा काही भाग, वाहन यांवर जप्ती येऊ शकते. पण बेलिफ येऊन घरातले काय उचलू शकत नाही, तेही ऐकून ठेवा. नेसती वस्त्रे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, आणि धर्माच्या रूढीप्रमाणे स्त्रीने अंगावरून उतरवू नयेत असे दागिने जप्त होत नाहीत. इंग्रजी अमदानीत रचलेल्या संहितेत कोणीतरी मंगळसूत्राची आठवण ठेवली, याचे मला दरवेळी नवल वाटते.

जाता जाता नव्या सदनिकांबद्दल. तिथे बहुधा अकरा महिन्यांचा "लीव्ह अँड लायसेन्स" करार असतो. महाराष्ट्रात हा करार लेखी असून नोंदवलेला असलाच पाहिजे, आणि नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. नोंदणी नसेल तर अटींबाबत राहणारा जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. दलालाने दिलेल्या छापील कागदावर सही करून समाधान मानू नका. नोंदणी आता घरबसल्या होते. मुदत संपूनही माणूस जागा सोडत नसेल, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट शुल्क मागता येते. नोटीस हाती पडल्यावर तीस दिवसांत प्रतिज्ञापत्रावर परवानगी मागितल्याखेरीज त्याला बचावही करता येत नाही. पण अनामत रक्कम आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तीन महिन्यांची अनामत तीन थकलेल्या महिन्यांत संपते, आणि विजेचे बिल, रंगाचा खर्च मागे उरतो. दुसरा महिना चुकला की पत्र लिहा.

पावतीपुस्तकाच्या पानाचा एक नमुना, पाडव्याच्या हिशेबाचे एक कोरे पान आणि नोटिशीचा मसुदा मी चिटणीसबाईंकडे देत आहे. त्या तो मंडळाच्या कपाटात ठेवतील. ज्यांना हवा त्यांनी मंगळवारी भजनानंतर उतरवून घ्यावा. मसुद्यात नाव, महिने आणि रक्कम यांच्या जागा मोकळ्या सोडल्या आहेत. तेवढ्या भरा, आणि पाठवण्यापूर्वी एकदा शेजारच्या जाणत्या माणसाकडून बेरीज तपासून घ्या.